शेअरच्या जुन्या भावांना हात घालण्याआधी

भावांची फाइल उतरवलीस की लगेच सरासरी काढायला बसू नकोस. आधी ‘क्लोज’ (त्या दिवशीचा बंद भाव) आणि ‘ॲडजस्टेड क्लोज’ (नंतरचे स्प्लिटसारखे बदल धरून जुळवलेला बंद भाव) असे दोन रकाने आहेत का ते बघ. काल १००० वर बंद झालेला शेअर आज २०० वर दिसला, तर तो कोसळलाच असं नाही. स्प्लिट, म्हणजे शेअरची विभागणी, होऊन एकाचे पाच झाले असतील. परतावा मोजायला ॲडजस्टेड भाव घे, पण त्यात लाभांश धरलाय का याची खात्री कर, सगळीकडे धरत नाहीत. त्या दिवशी प्रत्यक्ष किती मोजावे लागले असते हे हवं असेल, तर मूळ भावच बघ.

आणि कळकळीने सांगतो, फक्त आज टिकून असलेल्या कंपन्यांवर तुझी खरेदी-विक्रीची पद्धत तपासू नकोस. बुडालेल्या, शेअर बाजाराच्या यादीतून गेलेल्याही घे. नाहीतर निकाल उगाच गोड दिसतो.