‘एका जागी बसतच नाही’: मुलाआधी खोली तपासताना

मुलगा साडेतीन वर्षांचा, बालवाडीत जाणारा. आईची काळजी या वयाच्या कितीतरी घरांतून ऐकू येते तीच: “पाच मिनिटं एका जागी बसत नाही. खेळणी ढीगभर आहेत, पण सगळी ओततो आणि उठून जातो. वही पुढे ठेवली की रडारड. वर्गातली बाकीची मुलं अ-आ गिरवायला लागलीत. याचं लक्ष लागत नाही, असा काही आजार तर नसेल?”

अशा वेळी निदानाची घाई करायची नसते. घरच्यांकडे दोन गोष्टी मागितल्या: मूल जिथे खेळतं त्या जागेचे फोटो आणि सकाळपासून रात्रीपर्यंतच्या दिवसाची साधी नोंद. निम्मं उत्तर त्यातच होतं.

वन बीएचकेमधला छोटा हॉल. कोपऱ्यात कपडे धुवायला टाकतात तसली मोठी प्लॅस्टिकची टोपली, काठोकाठ भरलेली. तीत चाकं निखळलेल्या गाड्या, तुकडे हरवलेली कोडी, बटण दाबलं की गाणारा मोबाइल, अर्धा डॉक्टर सेट. भिंतीवर मुळाक्षरं, फळं, वाहनं, प्राणी असे तक्ते, तेही मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. वाढदिवसाला मिळालेलं अभ्यासाचं टेबल आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचं. गोष्टींची पुस्तकं ‘फाडेल’ म्हणून माळ्यावर. टीव्ही सकाळपासून चालू, बऱ्याचदा कुणी बघत नसतानाही. नोंदीत आणखी दोन गोष्टी सापडल्या. संध्याकाळी मैदानावर किंवा गच्चीवर जाणं जवळपास नाहीच. आणि रात्री झोपायला साडेअकरा, सकाळी उठायला सव्वासात.

आता टोपलीचाच विचार करा. तळाशी असलेली गाडी हवी असेल तर मुलाकडे एकच मार्ग असतो, टोपली पालथी करणं. ओतल्यावर समोर पन्नास वस्तू येतात, त्यातल्या निम्म्या मोडक्या. कोड्याचा तुकडा सापडत नाही, डॉक्टरकडे स्टेथोस्कोप नाही. खेळ रंगणार कुठून? अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. साडेतीन वर्षांच्या मुलाबाबतही अनुभव हेच सांगतो.

आईनं चाकं, हॅंडल वगैरे मोडलेलं सगळं काढून टाकलं. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नसलेली खेळणीही काढायला सांगितली, कारण बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका भाजते. उरलेल्यातल्या सहा गोष्टी बाहेर ठेवल्या: एकाच प्रकारचे लाकडी ठोकळे, सगळे तुकडे असलेलं एक कोडं, भातुकली, खडू-कागद, कपडे वाळत घालायचे चिमटे व पुठ्ठा, आणि पाणी ओतायचं ताट. बाकीचं खोक्यात भरून वर गेलं. नवीन कपाट घ्यायची गरज पडली नाही. चपलांचा दोन कप्प्यांचा जुना रॅक स्वच्छ केला आणि वरच्या बाजूला एल-क्लॅम्प (काटकोनी धातूची पट्टी) लावून भिंतीला घट्ट केला. मूल कप्प्यावर चढणारच, हे धरून चालायचं. रॅकची उंची दोन फुटांच्या आत ठेवली. या वयात डोळे जमिनीपासून पावणेतीन-तीन फुटांवर असतात, त्यामुळे वरच्या कप्प्यातलंही त्याला सहज दिसतं. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि दोन वस्तूंमध्ये वीतभर मोकळी जागा, म्हणजे परत कुठे ठेवायचं ते सांगावं लागत नाही. आठवड्यातून एकदा त्यातल्या एक-दोनच वस्तू बदलायच्या, त्याही ज्यांना तो हात लावत नाही त्या. सगळा कप्पा एकदम बदलला की पुन्हा ओतणं सुरू होतं.

भिंतीवरचे तक्ते उतरवले. आईला हे जड गेलं, “मग तो शिकणार कसा?” चारही भिंती चित्रांनी भरलेल्या असतील तर लहान मुलं हातातल्या कामातून अधिक वेळा बाहेर पडतात. एकच चित्र, त्याच्या नजरेच्या उंचीवर, आणि त्याबद्दल रोज बोलणं, हे बारा तक्त्यांपेक्षा जास्त शिकवतं. टेबलाऐवजी पाट आणि चौरंग आले. खुर्चीच हवी असेल तर या वयाच्या मुलासाठी बैठक जमिनीपासून साधारण २६ सेंटिमीटर आणि टेबल ४६ सेंटिमीटर असावं. तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर मूल चुळबुळतं, कारण धड स्थिर नसताना बोटांना बारीक काम जमत नाही.

पाणी ओतण्याचं काम मात्र पहिल्यांदा फसलं, आणि का फसलं ते सांगायला हवं. आईनं लिटरभराचा जग काठोकाठ भरून दिला. तो दोन्ही हातांनी उचलताना अर्धं पाणी फरशीवर गेलं, आजींनी “दे इकडे!” म्हणत जग काढून घेतला, आणि मुलगा टीव्हीकडे निघून गेला. पूर्ण भरलेला लिटरचा जग म्हणजे किलोभराहून जास्त वजन, साडेतीन वर्षांच्या मनगटाला ते कसं पेलावं? मग बदल केले. चोच असलेली, एकाच मापाची दोन छोटी भांडी घेतली, प्रत्येकी पाव लिटरच्या आतली. पाणी १५० मिली, म्हणजे एक छोटा पेला. खाली काठ असलेलं ताट. शेजारी नॅपकिनचा चौथा हिस्सा फाडून केलेलं फडकं, कारण मोठा नॅपकिन त्याच्या हाताला पिळता येत नाही. आईनं एकदा, सावकाश आणि न बोलता करून दाखवलं. बोलत दाखवलं की मूल तोंडाकडे बघतं, हात बघायचे राहतात. भांड्याचा कान धरायचा, दुसरा हात चोचीखाली, ओतायचं, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं, सांडलेलं टिपायचं, ताट परत कप्प्यात.

त्याला सगळ्यात आवडला तो शेवटचा थेंब. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, नजर चोचीवर, थेंब सुटला की लगेच भांडी बदलून पुन्हा पहिल्यापासून. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी टोकलं नाही, आणि तो पंधरा-वीस मिनिटं तिथेच होता. ‘पाच मिनिटं बसत नाही’ अशी ज्याच्याबद्दल तक्रार होती, तोच मुलगा.

पाण्याऐवजी तांदूळ किंवा राजमा वापरता येतो, पण मोठं माणूस शेजारी हवंच. हरभरा, वाटाणा, राजमा नाकात गेला तर ओलाव्यानं फुगतो आणि काढताना डॉक्टरांचीही कसोटी लागते.

टीव्हीचा प्रश्न आजींशी बोलल्याशिवाय सुटणार नव्हता. त्यांचा दिवस एकटीचा, आवाज सोबतीला हवा. मालिका बंद करा म्हणणं अन्यायाचं झालं असतं. नातू शाळेत असताना दुपारी मालिका, तो घरी असताना टीव्ही बंद, असं ठरलं. त्या बदल्यात आजींकडे एक काम आलं: मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, कणकेची गोळी करणं, हे त्यांनी नातवाला सोबत घेऊन करायचं. या कामांत बोटांचा जो व्यायाम होतो, तो कुठल्याही विकतच्या ‘किट’मध्ये नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, बिया, पानं यांतूनच शिकवलं होतं. महागडी साधनं नसली तर मूल मागे पडेल, ही भीती त्यांनी तेव्हाच मोडून काढली.

शरीराचा हिशोबही मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसाला १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली किमान ६० धावण्या-उड्यांसारखी. झोप दुपारची धरून १० ते १३ तास. आणि बसून टीव्ही-मोबाइलचा पडदा बघणं जास्तीत जास्त एक तास. इथे झोप दुपारचा तासभर धरूनही नऊच्या खाली होती. अपुरं झोपलेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट सैरभैर होतं. संध्याकाळी तासभर गच्ची, साडेनऊला दिवा बंद, हे जमवायला वडिलांच्या ऑफिसच्या वेळेमुळे सर्वाधिक ओढाताण झाली. पण फरकही सर्वात ठळक इथेच दिसला.

राहिली वही. या वयात मनगटातली काही हाडं अजून कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात, अंगठा आणि बोटांची पकड तयार होत असते. रेघांत अक्षर बसवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, हात दुखतो, मग वहीचाच धसका घेतं. त्याऐवजी भिंतीवर जमिनीपासून एक ते साडेतीन फुटांपर्यंत काळा रंग देऊन फळा करा. उभ्या फळ्यावर काढताना खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. खडूचे इंचभराचेच तुकडे द्या. तुकडा लहान असला की मुठीत धरता येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो.

लक्षणं वेगळी असतील तर मात्र खोली बदलून थांबू नये. साडेतीन वर्षांचं मूल तीन-चार शब्दांचं वाक्य बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, नजर देत नसेल, ‘चहा घे’सारखा खोटा-खोटा खेळ खेळत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर श्रवणतपासणी आणि बालविकासतज्ज्ञ गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयाच्या आवारातच त्यासाठी केंद्रं आहेत. या मुलात असं काहीही नव्हतं.

बालवाडीच्या बाईंशी आईनं भांडावं, असं सुचवलं नाही. एवढंच सांगायला सांगितलं: “घरी सध्या वहीत गिरवणं थांबवलंय, फळ्यावर आडव्या, उभ्या, गोल रेघा काढतोय, त्याला गृहपाठ धरा.” २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते सहा या वयासाठी खेळातून शिक्षण हेच म्हटलं आहे, हे सोबत सांगितलं की बोलणं सोपं जातं. बाईंनी ते मान्य केलं, आणि वर्गात वहीच्या तासाला त्याला खडू-पाटी द्यायला सुरुवात केली.