मुलीला भावाची डॉक्टर करू नका

प्रश्न : माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. बारावीला ८१ टक्के मिळाले. तिचा मोठा भाऊ चार वर्षं हेरॉइनच्या व्यसनात आहे. तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून गेल्या महिन्यात घरी आला. घरात तो कोणाचं ऐकत असेल तर हिचंच. त्याची झोप, त्याच्याकडचे पैसे, त्याचे फोन याची ती रोज वहीत नोंद ठेवते. खरं तर तीच त्याची डॉक्टर आहे. डॉक्टरांनी बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या होत्या, पण एक व्यसन सोडवून दुसरं कशाला लावायचं म्हणून आम्ही त्या बंद केल्या. एवढे उपचार करूनही गुण येत नाही, म्हणजे या विषयात संशोधनच कमी पडतंय. हिने मानसशास्त्र घेऊन व्यसनमुक्तीच्या उपचारांवर संशोधन करावं, अशी आमची इच्छा आहे. ती मात्र मध्येच भूशास्त्र म्हणते. दगड अभ्यासून कोणाचं भलं होणार? तिला कसं समजवावं आणि कोणता मार्ग घ्यावा? – एक आई

उत्तर : ताई, करिअरचं नंतर बोलू. आधी त्या गोळ्यांचं. हे उत्तर वाचून झालं की ज्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या त्यांना फोन करा आणि आपण त्या बंद केल्याचं स्पष्ट सांगा. स्वतःच्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. किती डोस, कधी आणि कसा, हे त्यांनाच ठरवू द्या. नालोक्सोन (हेरॉइनची मात्रा जास्त झाली तर श्वास परत आणणारं औषध) घरात ठेवता येईल का आणि ते कसं द्यायचं, हेही त्याच फोनवर विचारा. मुलगा महिनाभर हेरॉइनपासून लांब राहिलाय, ही आनंदाची गोष्ट आहे आणि धोक्याचीही. शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी कोणी एकदाच, पूर्वीच्याच मात्रेत हेरॉइन घेतलं, तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात जोखमीचे मानले जातात.

‘व्यसनाच्या जागी व्यसन’ हा गैरसमज तुमच्या एकटीचा नाही. शिकलेली माणसं तो बाळगतात, काही केंद्रं चालवणारेही बाळगतात. रोज औषध लागणं आणि व्यसन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेरॉइन मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतं, तिथेच बुप्रेनॉर्फिन जाऊन बसतं, पण सावकाश, बराच वेळ आणि अर्धवट ताकदीने. तलफ आणि अंगदुखी शमते, नशेची चढउतार होत नाही, आणि माणूस कामाला जाऊ शकतो. याचा पुरावा किती स्पष्ट आहे ते पाहा. स्वीडनमधला एक अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हेरॉइनवर अवलंबून असलेले चाळीस जण घेतले. सगळ्यांना समुपदेशन सारखंच. वीस जणांना वर्षभर बुप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या वीस जणांना ते फक्त सहा दिवसांत कमी करत आणलं आणि पुढे औषध नसलेली नुसती गोळी दिली. वर्षाअखेर पहिल्या गटातले तीन-चतुर्थांश लोक उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातलं एकही नाही. त्या वीस जणांतले चार वर्षभरात दगावले. पहिल्या गटातलं कोणीही नाही. समुपदेशन दोन्हीकडे होतं, हे पुन्हा वाचा.

आता तुमचं वाक्य : संशोधन कमी पडतंय. काही बाबतींत पडतं, नाही असं नाही. कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांसाठी अजून खात्रीचं औषध नाही. तिथे आतापर्यंत सगळ्यात चांगला टिकलेला उपाय म्हणजे लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस देणं. ऐकायला पोरकट वाटतं आणि अनेकांना ते रुचत नाही, पण चाचण्यांत ते पुन्हा पुन्हा चाललंय. तुमच्या मुलाच्या आजाराचं मात्र तसं नाही. व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टरांनी मेथाडोनवरचा, म्हणजे हेरॉइनच्या व्यसनावर बुप्रेनॉर्फिनसारखंच रोज द्यायच्या औषधावरचा, पहिला मोठा लेख छापला १९६५ साली. साठ वर्षं झाली. औषध आहे, पुरावा आहे, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, आणि गोळी तुमच्या घरात अडली. रागावू नका, पण सिद्ध झालेला उपचार माणसापर्यंत का पोचत नाही आणि पोचला तर का टिकत नाही, हा आज या क्षेत्रातला फार मोठा संशोधनाचा विषय आहे. तुमचं घर त्या विषयाच्या ऐन मध्यावर उभं आहे.

‘तीनदा केंद्रात गेला’ हेही तुम्ही अपयशाचा हिशेब मांडावा तसं लिहिलंय. थॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली व्यसनाधीनतेची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली, तेव्हा पथ्य-औषध सोडणं आणि आजार उलटणं यांचं प्रमाण या सगळ्यांत बरंचसं सारखं दिसलं. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला तर आपण औषधाला गुण आला नाही असं म्हणत नाही. इथे मात्र म्हणतो.

एवढं सगळं लिहूनही पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही नाही. ती आहे वही.

अठरा वर्षांची मुलगी मोठ्या भावाच्या खिशातले पैसे मोजते, तो कधी झोपला, कोणाशी बोलला हे लिहून ठेवते, आणि तुम्ही ते कौतुकाने सांगता. ही वही तिला कोणी दिली? बारावीचं वर्ष तिने हे सांभाळत काढलं असेल, तर ८१ टक्क्यांबद्दल मला त्या मुलीचं नवल वाटतं. पण ही संशोधनाची आवड नाही, हा पहारा आहे. भावाने या नोंदींना संमती दिलेली नाही. जगातली कुठलीही नीतिसमिती असा अभ्यास पहिल्याच बैठकीत थांबवेल. त्याहून वाईट म्हणजे, ज्या दिवशी तो पुन्हा घसरेल (आणि घसरू शकतो, हे तुम्हालाही माहीत आहे) त्या दिवशी ती वही उघडून आपलं कुठे चुकलं ते शोधत बसेल. हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवून वर तुम्ही त्याला करिअरचं नाव देताय.

घरच्यांना काहीच करता येत नाही, असं मात्र नाही. रॉबर्ट मायर्स यांनी कुटुंबीयांसाठी विकसित केलेली ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत आहे. उपचार नाकारणाऱ्या दारुड्यांच्या नातेवाइकांवर तिची चाचणी झाली आणि १९९९ साली निकाल छापला गेला : ही पद्धत शिकलेल्या सुमारे ६४ टक्के नातेवाइकांना आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणता आलं. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारायचा, या जुन्या रीतीने ते प्रमाण ३० टक्के होतं. ‘क्राफ्ट’मध्ये धमकी नाही, झडती नाही. तो शुद्धीत असेल तेव्हा जवळ घ्यायचं, नशेत असेल तेव्हा शांतपणे बाजूला व्हायचं, हे सरावाने शिकवतात. आणि नातेवाइकाने स्वतःचं आयुष्य नीट जगणं हा त्या पद्धतीचाच एक भाग आहे. हे शिकायचं असेल तर तुम्ही आणि तुमचे यजमान शिका. तुमचा मुलगा तिचंच ऐकतो असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, त्याला ऐकावंसं वाटेल असं बोलणारं घरात तिच्याशिवाय कोणी उरलेलं नसावं.

समजा, तिला स्वतःला हे क्षेत्र खरोखर आवडलं, तर मार्ग ठाऊक असलेलेच आहेत : वैद्यकीय पदवी आणि मग मनोविकारशास्त्र, मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी., समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, किंवा संख्याशास्त्र, ज्याची या क्षेत्राला फार गरज आहे आणि ज्याचं नाव कोणी पालक काढत नाहीत. पण काम कसं असतं, तेही ऐका. संशोधक नवा उपाय शोधून घरी येत नाही. तो वर्षभरानंतर न सापडणाऱ्या रुग्णांचे पत्ते शोधतो. उपचार सोडून गेलेल्यांना हिशेबात कसं धरायचं, यावर सहकाऱ्यांशी भांडतो, कारण त्यांना वगळलं की कुठलाही उपचार उत्तम दिसतो. आणि बऱ्याचदा त्याचा लाडका अंदाज खोटा ठरतो. ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाच्या मोठ्या चाचणीत दारूच्या व्यसनाचे १,७२६ रुग्ण होते आणि तीन वेगवेगळे उपचार. योग्य रुग्णाला योग्य उपचार जुळवून दिला तर गुण जास्त येईल, अशी सगळ्यांची खात्री होती. १९९७ साली निकाल लागला : तिन्ही उपचारांनी साधारण सारखाच फायदा झाला, जुळवाजुळवीने जवळपास काहीच फरक पडला नाही. बारा आठवड्यांत बारा भेटी आणि फक्त चार भेटी, यांतही फारसं अंतर निघालं नाही. एवढ्या वर्षांच्या कामानंतर असा निकाल शांतपणे छापायला एक प्रकारचा अलिप्तपणा लागतो. भाऊ वाचवायला पाठवलेल्या मुलीकडून तो मागणं क्रूर आहे. घरात व्यसन पाहिलेली माणसं या क्षेत्रात उत्तम काम करतात, मी नाही म्हणत नाही. पण ती स्वतःहून येतात, आणि बहुतेक वेळा घरातल्या माणसाची काळजी दुसऱ्या कोणाकडे सोपवून येतात.

म्हणून तिला समजवायला तुम्हाला माझ्याकडून एकही वाक्य मिळणार नाही. भूशास्त्र ती ‘मध्येच’ म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. मला तर पत्रात तिचं स्वतःचं असं तेवढंच दिसलं. भूजल, दरडी, भूकंप, खनिजं, यांतून कोणाचं भलं होतं हे तिलाच विचारा; ती सांगेल, आणि त्या वेळी मध्ये बोलू नका. पुढे कधी, पंचविशीत, तिला माणसांच्या आजारांकडे वळावंसं वाटलं तर आकडे हाताळायला शिकलेल्या माणसाला तो रस्ता बंद नसतो.

वही तुम्ही मागून घ्या आणि यापुढे तिची गरज नाही हे तिला मोकळेपणी सांगा, भावालाही सांगा. त्याच्या तपासणीला त्याच्याबरोबर तुम्ही जा. पुढचं पत्र तिला लिहायचं असेल तर तिने लिहावं, पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका. आणि भूशास्त्राच्या प्रवेश अर्जाची मुदत कधी संपते, तेवढं आजच बघून ठेवा.