नोकरी सोडून जर्मनीला?

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. कंपनी पाठवत नाही, नवरा तिकडे नाही, तरी एखादं वर्ष जर्मनीत राहून बघायचंय. आई विचारते, ‘इथे काय कमी आहे?’ मला उत्तर सुचत नाही.

उत्तर : कमी काही नाही, तरी जावंसं वाटतंय, हेच सांग की. मी लाइपझिगला गेले तेव्हा शिक्षणाचं निमित्त पुढे केलं होतं. खरं तर एकटीनं राहून बघायचं होतं. पहिल्याच रविवारी पिशवी घेऊन निघाले, तर सगळी दुकानं बंद! घरात अर्धा पाव आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. डिसेंबरात चारलाच अंधारायचं, तेव्हा खूप रडले (फोनवर मात्र ‘मजेत’). पण सहाव्या महिन्यात हीटिंगच्या बिलावरून घरमालकाशी जर्मनमधून भांडले आणि जिंकले. त्या संध्याकाळी रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये परत करून आलेल्या पैशांचा केक खाल्ला.

आता तुझं. जून २०२४पासून तिथे ‘शान्सेनकार्टे’ (Chancenkarte, म्हणजे ‘संधी-कार्ड’) हा राहण्याचा परवाना मिळतो. हातात नोकरी नसताना वर्षभर राहून ती शोधता येते, आठवड्याला २० तास अर्धवेळ कामही चालतं. शिक्षणाच्या, भाषेच्या अटी आहेतच. शिवाय वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते, साधारण १३ हजार युरो. एवढे साठले नसतील तर थांब, कर्ज काढून ही हौस नको. तोवर जर्मन शीक, नुसत्या इंग्रजीवर घरमालकाशी भांडता येत नाही. आणि राजीनामा व्हिसा हातात पडल्यावरच.