बाली, सहा रात्री आणि सोबत सत्तरीचे आईबाबा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मे महिन्याच्या सुट्टीत सहा रात्री बाली. तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आईबाबा. आईंना गुडघ्यांचा त्रास आहे आणि दोघंही शाकाहारी. एजंटने दोन रात्री कुटा, दोन उबुद, दोन नुसा दुआ असं बसवलंय. त्यात एक दिवस नुसा पेनिदा बेट, एक दिवस लेम्पुयांग मंदिराचं 'स्वर्गाचं दार' आणि एक दिवस बातुर ज्वालामुखीवरचा सूर्योदय. 'जरा जास्त होतंय का?' असं तुम्ही विचारलंय.

जरा नाही, बरंच जास्त होतंय. जागा वाईट नाहीत, पण या कार्यक्रमात रस्त्यावरचा वेळ कुणी धरलेलाच नाही.

बाली आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडंसंच मोठं. पण तिथे चाळीस लाखांच्या वर लोक राहतात, त्यात पर्यटकांची भर, रेल्वे नाही, आणि गावांतून जाणारे रस्ते दोन गाड्या जेमतेम निघतील एवढेच. विमानतळापासून उबुद पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे, संध्याकाळी दोन तास लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. बालीचं नियोजन किलोमीटरवर करायचंच नाही, तासांवर करायचं. दिवसाला गाडीतले चार तास ही मर्यादा ठरवा आणि मग काय बसतं ते बघा. आईबाबा बरोबर असताना तर नक्कीच.

या हिशोबात लेम्पुयांग पहिल्यांदा गळतं. ते बेटाच्या पूर्व टोकाला आहे, नुसा दुआहून जायलाच अडीच-तीन तास. तिथे गेल्यावर फोटोसाठी नंबर घ्यायचा आणि गर्दी असेल तर दोन-दोन तास बसून राहायचं. फोटोत दाराच्या खाली जे शांत तळं दिसतं, ते तिथे नाहीच. फोटो काढणारा मुलगा तुमच्या मोबाईलच्या लेन्सखाली आरशाचा तुकडा धरतो, त्यात दार उलटं पडतं. मागचा आगुंग पर्वत खरा आहे आणि ढग नसतील तर अप्रतिम दिसतो, पण तो इतर ठिकाणांहूनही दिसतो. मूळ मंदिर सतराशेच्या आसपास पायऱ्या चढून वर. आईंसाठी त्या दिवसात काहीच नाही.

बातुरचा ट्रेक म्हणजे रात्री दोनला हॉटेलवरून उचलणार आणि अंधारात चढवणार. मुलीला घेऊन तुम्ही जाल, पण दुसरा दिवस सगळ्यांचा झोपेत जाईल. बातुर बघायचाच असेल तर किंतामानीच्या कड्यावरून, कॉफी पीत बघा. गाडी तिथपर्यंत जाते.

माझ्या मते तीन रात्री उबुद आणि तीन रात्री सानुर. हॉटेल एकदाच बदलायचं. कुटा पूर्ण काढून टाका. तिथल्या लाटा सर्फिंगवाल्यांना आवडतात, पण समुद्राला ओढ आहे आणि लाल झेंडे लागलेले असतात. नुसा दुआचा किनारा शांत आहे, पण रिसॉर्टच्या फाटकाबाहेर पायी जाण्यासारखं फारसं काही नाही आणि जेवण हॉटेलच्या भावात. सानुरला किनाऱ्यापासून लांब प्रवाळाची रांग आहे, लाटा तिथेच फुटतात आणि अलीकडे पाणी संथ राहतं. (ओहोटीला ते फार आत जातं, तेव्हा पोहण्यासाठी भरतीची वेळ बघून ठेवा.) किनाऱ्याला लागून काही किलोमीटर फरसबंदी वाट आहे, सपाट, झाडांच्या सावलीतली, मध्येमध्ये चहा-कॉफीच्या टपऱ्या. बाबा पहाटे एकटे फिरायला गेले तरी काळजी नाही. सूर्योदय समोरच, समुद्रातून.

उबुदचं हॉटेल घेताना फोटो बघून भुलू नका. तिथली बरीच हॉटेलं नदीच्या घळीच्या उतारावर आहेत. 'व्हॅली व्ह्यू' लिहिलं असेल तर समजायचं की रिसेप्शन वर, खोली मध्ये आणि न्याहारी खाली, आणि मधल्या पायऱ्यांना बरेचदा कठडाही नसतो. बुकिंगच्या आधी व्हॉट्सॲपवर सरळ विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती, आणि न्हाणीघरात बाथटबमध्ये चढून शॉवर घ्यावा लागतो का. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉटेल.

उबुदहून एक दिवस तीर्त एम्पुल, झऱ्याकाठचं मंदिर. सकाळी आठला पोचा, दहानंतर बसगाड्या येतात. दहाव्या शतकापासूनचा हा झरा, त्याच्या धारांखाली लोक ओळीने डोकं धरतात, या शुद्धीच्या स्नानाला 'मेलुकात' म्हणतात. तुम्हीही करू शकता, वेगळा सारोंग (कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र) भाड्याने मिळतो. पण ओळीतल्या दोन धारा मृतांच्या विधीसाठी आहेत, त्या सोडून पुढे जायचं. तिथला माणूस खुणेने सांगतो. आईंना पाण्यात उतरायचं नसेल तर आवार सपाट आहे, निवांत बसता येईल. शेजारचं गुनुंग कावी, कातळात कोरलेलं देवस्थान, सुंदर आहे, पण शेकडो पायऱ्या उतरून चढायच्या, म्हणून या वेळी नको.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला ब्रातान तलावाचं उलुन दानू मंदिर आणि परतताना जातिलुविहची भातशेती. मंदिर बाराशे मीटर उंचीवर आहे, स्वेटर घ्या. जातिलुविहला 'सुबक' बघायला मिळेल. सुबक म्हणजे शेतकऱ्यांची पाणी वाटून घेण्याची व्यवस्था, देवळांच्या आधाराने चाललेली. 2012 साली युनेस्कोने हे सगळं जागतिक वारसा यादीत घेतलं. उबुदजवळच्या तेगालालांगच्या भातशेतीतल्या झोपाळ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा इथे तासभर बांधावरून चाला.

उबुदहून सानुरला जाताना सरळ जाऊ नका, क्लुंगकुंगवरून वळसा घ्या. एजंट हे ठिकाण क्वचितच सांगतात, आणि मराठी घरातल्या आजीआजोबांना तेच सगळ्यात जास्त आवडेल. तिथे जुन्या राजवाड्याच्या आवारात 'कर्त गोसा' नावाचा उघडा मंडप आहे, पूर्वीचं न्यायालय. छत पूर्ण चित्रांनी भरलेलं. त्यातला मोठा भाग भीमाच्या गोष्टीचा: वडील पांडू आणि सावत्र आई माद्री यांना सोडवायला भीम यमलोकात जातो आणि वाटेत पापी लोकांना चाललेल्या शिक्षा बघतो. कुणाला उकळत्या कढईत टाकलंय, कुणाला करवतीने कापताहेत. खाली उभ्या आरोपीने मान वर केली की हे दिसायचं. खालच्या ओळींत पंचतंत्राच्या कुळातल्या 'तंत्री'च्या गोष्टीही आहेत. ही भीमाची गोष्ट आपल्याकडच्या महाभारतात नाही, त्यामुळे बाबांना वाद घालायलाही भरपूर वाव.

सानुरचे दोन दिवस असे: एका दुपारी उलुवातूचं कड्यावरचं मंदिर आणि तिथेच संध्याकाळचा केचक नाच. शंभर एक पुरुष 'चक-चक' करत गोल बसतात, वाद्य एकही नाही, आणि मध्ये रामायण, लंकादहनासकट. बाकं दगडी आणि उतरती आहेत, आईंना वरच्याच ओळीत बसवा. तिथली माकडं चष्मा पळवतात आणि खायला दिल्यावरच परत करतात, तेव्हा चष्म्याला दोरी बांधा. इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. बालीत रेबीज आहे. माकड किंवा कुत्रं चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस सुरू करायची. मुलीला आधीच बजावून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिघं नुसा पेनिदा करा आणि आईबाबांना सानुरला आराम करू द्या. बोटी सानुरच्या बंदरातूनच सुटतात, पाऊण तासात पलीकडे. तिथले रस्ते हाडं खिळखिळी करणारे आहेत. केलिंगकिंगचा कडा वरून बघा, खाली उतरू नका. वाट जवळजवळ उभी आहे आणि खालच्या लाटांनी माणसं नेलेली आहेत.

गाडी ड्रायव्हरसकट दिवसाच्या बोलीने घ्या, दहा तासांचे सहा ते आठ लाख रुपिया. घाबरू नका, हे तिथले पैसे. शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला पाचाने गुणायचं, म्हणजे आपले रुपये अंदाजे येतात. 'लुवाक कॉफी'च्या (उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची कॉफी) मळ्यावर नेऊ का असं ड्रायव्हर विचारेलच, कारण त्याला तिथे कमिशन मिळतं. बहुतेक ठिकाणी उदमांजरं पिंजऱ्यात कोंडलेली असतात. नको म्हणा, तो रागावत नाही. पैसे बदलताना गल्लीतल्या ज्या दुकानाचा दर सगळ्यात चांगला दिसतो, तिथे हमखास हातचलाखी असते: गड्डी तुमच्यासमोर मोजतात आणि शेवटच्या क्षणी चार नोटा काउंटरमागे पडतात. स्वतः मोजल्यावर गड्डी पुन्हा त्याच्या हातात द्यायची नाही. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर कर आणि सेवाशुल्क मिळून एकवीस टक्क्यांपर्यंत वर जातात.

जेवणाचं. मांस नाही एवढं सांगून भागत नाही, कारण सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, 'तेरासी' असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट. 'तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी' एवढं मोबाईलवर लिहून ठेवा: मांस, मासे, तेरासी यांच्याशिवाय. अंडं चालत नसेल तर 'तानपा तेलुर' जोडा. टेम्पे मात्र जरूर खा, आंबवलेल्या सोयाबीनची वडी, कुरकुरीत तळलेली. उबुदमध्ये शुद्ध शाकाहारी जागा भरपूर आहेत, सानुरलाही अडत नाही. तरी मेतकुटाचं बंद पाकीट बॅगेत असू द्या, भात सगळीकडे मिळतोच.

देवळांत सारोंग आणि कमरेला पट्टा लागतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये अशी पाटी बहुतेक ठिकाणी असते. आपण हिंदू असलो तरी आतल्या चौकात पर्यटकाला सोडत नाहीत, तिथे हुज्जत घालू नका. फुटपाथवर पानांच्या द्रोणात फुलं, भात, उदबत्ती ठेवलेली दिसेल, त्यावर पाय पडू देऊ नका.

कागदपत्रं: पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. तिथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा माणशी पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा, ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून बालीचा पर्यटक कर, माणशी दीड लाख रुपिया. आगमनाचा फॉर्मही आधी ऑनलाइन भरायचा. या सगळ्याच्या नकली वेबसाइट आहेत, पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट आयडी' असेल तरच पैसे भरा.

मे महिना तुम्ही छान निवडलाय. पाऊस संपलेला असतो आणि जुलै-ऑगस्टची झुंबड सुरू झालेली नसते. हे वाचून कुणी मार्चचा विचार करत असेल तर 'न्येपी'ची, म्हणजे तिथल्या मौनाच्या दिवसाची, तारीख बघा. बालीचं शक वर्ष त्या दिवशी सुरू होतं, शकाचा आकडाही आपलाच, आणि 2023 आणि 2026 मध्ये तर तो दिवस नेमका गुढीपाडव्यालाच आला. पण तिथे त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो आणि हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही.

विमा सगळ्यांचा काढा. आईबाबांचा काढताना आधीपासूनचे आजार धरले आहेत का ते वाचून घ्या आणि विमान रद्द झाल्यास भरपाई आहे ना तेही बघा. नोव्हेंबर 2024 मध्ये पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीची कितीतरी विमानं रद्द झाली होती. तिकिटं अजून काढली नसतील तर दुपारपर्यंत पोचणारं विमान घ्या, म्हणजे उबुदला उजेडात जाल. वेळा ठरल्या की इथे टाका, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचं मग बघू.