चार भोकं बुजवायला दीड हजार? : वाचकांचे प्रश्न, घर-दुरुस्तीची उत्तरं

प्रश्न : परभणीला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे, मागच्या पावसात चार ठिकाणी गळायलं होतं. गुत्तेदाराला बोलवलं तर वर चढून बघितलं अन् म्हणाला दीड हजार होतील. सामान म्हणजे मूठभर वायसर (वॉशर) अन् थोडं डांबर, दोनशेच्या वर नाही, काम दोन तासाचं. एवढ्याशा कामाला दीड हजार म्हणजे लुटच झाली ना?

उत्तर : दादा, राग समजतो, पण हिशोब भोकाचा धरू नका, दिवसाचा धरा. मी स्वतः वीस वर्षं कारागिरांबरोबर छतावर चढलोय म्हणून सांगतो. समजा कारागिराची हजेरी 800 अन् खालून सामान देणाऱ्या हेल्परची 500, म्हणजे 1300 तर तिथंच झाले, दोनशेचं सामान धरलं की दीड हजार पुरे, अन् पेट्रोल, शिडी, ड्रिल मशीन सगळं त्याच्याच अंगावर. काम दोन तासाचं असलं तरी तो सकाळी सामान गोळा करून तुमच्याकडं येणार, उतरेपर्यंत दुपार होणार, मग त्या दिवसाला दुसरं काम त्याला कोण देणार? म्हणून छोट्या कामाला फुटावर रेट कुणी लावत नाही, लावला तर ते परवडतच नाही.

दुसरं म्हणजे वेळ बुजवायला लागत नाही, शोधायला लागतो. खाली जिथं थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक क्वचितच असतं, पत्रा पाइपाला आवळणाऱ्या हुकाजवळून पाणी आत शिरतं अन् खालच्या पाइपावरून घसरत तीन-चार फुटांवर जाऊन टपकतं. जुना डांबरी वायसर बोटात धरून बघा, उन्हानं एवढा कडक झालेला असतो की दाबला की चुरा होतो. हुक गंजलेला असला तर नट फिरत नाही, कापावाच लागतो, मग त्या जागी नवा हुक आला.

तरीबी डोळे झाकून हो म्हणू नका. दीड हजारात काय काय ते विचारा, किती हुक बदलणार, वायसर रबरी का डांबरी, अन् काम उक्तं (सगळं मिळून एका रकमेत) का हजेरीवर. माझं मत विचाराल तर दुरुस्तीला उक्तंच बरं, हजेरीवर काम लांबतं अन् मग दोघांचीबी तोंडं वाकडी होतात. दिवसाचे पैसे द्यायचेच आहेत तर पन्हाळ साफ करणं, वरचा कोना (दोन उतारांच्या जोडावरचा पत्रा) दाबून घेणं त्याच दिवसात उरकून घ्या, शेजाऱ्याचं गळत असंल तर त्यालाबी सोबत घ्या, एका गल्लीत दोन घरं मिळाली की गुत्तेदार आपणहून कमी करतो. अन् हे एप्रिल-मेमध्ये करायचं, मृग निघाल्यावर सगळ्या गावाचे फोन एकदम जातात मग भाव त्याचा. फक्त उन्हाळ्यात काम सकाळी सात ते अकरा, नंतर पत्र्यावर हात टेकवत नाही, बारा वाजता माणूस वर चढवायचा हट्ट करू नका.

प्रश्न : अंबाजोगाईजवळ आमचं गाव. अवकाळीच्या वाऱ्यानं दोन पत्रे उडाले. ओळखीचा माणूस म्हणून त्याला सहा हजार सगळेच आधी फोनपे केले, दोन दिवसांत येतो म्हणाला, आता महिना झाला, फोन उचलत नाही. लिहून काहीच घेतलेलं नाही.

उत्तर : ताई, लिहिलेलं नसलं तरी फोनपेची नोंद आहे, ती जपून ठेवा. आधी त्याला साधा मेसेज करा, अमुक तारखेला सहा हजार दिले, दोन पत्रे बसवायचे ठरले होते, या तारखेपर्यंत काम करा नाहीतर पैसे परत द्या. मेसेजवर लिहिलेलं पुराव्याला राहतं, फोनवर कितीबी भांडलं तरी हातात काही राहत नाही. तरी नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, अन् जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत 2 वर्षांची. गावातलाच माणूस असंल तर चार मोठ्या माणसांसमोर बसून विषय काढा, बऱ्याचदा तिथंच मिटतो.

आता पुढच्या वेळेसाठी. सामानाचे पैसे माणसाला देऊच नका, दुकानात द्या. त्याला बरोबर घेऊन जा, पत्रे तुमच्या नावानं बिल करून घ्या अन् थेट घरी उतरवा. जाताना जुन्या पत्र्याचा एक तुकडा नाहीतर नीट काढलेला फोटो सोबत ठेवा, कारण नव्या पत्र्याची नाळी (लाट) जुन्याशी जुळली नाही तर जोडात फट राहते अन् नवा पत्रा घालूनबी घर गळतं, जाडीबी विचारूनच घ्या, फार पातळ पत्रा पुढच्या वाऱ्यात पुन्हा उचलला जातो. मजुरीचा बयाणा द्यायचाच असंल तर चारपाचशे, तोबी तारीख ठरल्यावर. काय ठरलं ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून त्याची सही घेतली तरी पुष्कळ आहे. अन् हो, वादळानं पत्रे उडाले असतील तर दुरुस्तीच्या आधी फोटो काढून तलाठ्याला कळवा, पडझड 15 टक्क्यांच्या वर असंल तर पंचनाम्यावरून सरकारी मदत मिळू शकते, दुरुस्त केल्यावर पंचनामा कशाचा करणार?

प्रश्न : हिंगोलीत एकानं मजुरीवर 18 टक्के जीएसटी लावला, पण पक्कं बिल देत नाही म्हणतो.

उत्तर : मग जीएसटी द्यायचा नाही. ज्याची नोंदणीच नाही त्याला हा कर घेता येत नाही, अन् वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असंल तर अशा कामाला नोंदणी लागतबी नाही. बिलावर 15 आकडी-अक्षरी जीएसटी नंबर दिसला तरच कर.

प्रश्न : मी औसा तालुक्यात पत्र्याची कामं करतो. मोठ्या कामाचे पैसे येतात, छोट्याचेच बुडतात. पाऊस पडू द्या, गळलं नाही तर देतो, असं म्हणायलेत. पाचशे, आठशे करून पाच घरांत तीन हजार अडकलेत. मागायला गेलं तर पेट्रोल जातं, नाही गेलं तर पैसे जातात.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण ही गोष्ट मी किती कारागिरांकडून ऐकलीय. आठशेसाठी कोण कोर्टात जाणार, हे समोरच्यालाबी माहीत असतं. स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगसारखं चाळीस-पन्नास हजाराचं काम असंल तर शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवणं मला पटतं, पण दोन-तीन हजाराच्या दुरुस्तीचे पैसे त्याच दिवशी, शिडी खाली उतरायच्या आत दिलेच पाहिजेत. मृगाला केलेल्या कामाचे पैसे हस्तानंतर दिले तर मधल्या चार महिन्यांत त्या माणसाच्या घरी चूल कशावर पेटवायची?

तुम्ही एवढं करा. वर चढायच्या आधी सांगा की पैसे आजच अन् पाणी ओतून दाखवतो. काम झालं की दोन बादल्या पाणी वरच्या कोन्यापासून हळूहळू सोडा, घरच्यांना आत उभं करा, नजर वर ठेवायला सांगा, थेंब नाही आला की तिथंच पैसे. भोकाचा आधीचा अन् नंतरचा फोटो मोबाईलवर पाठवून ठेवा, पुढं दुसरीकडून गळालं तर तुमचंच भोक म्हणता येत नाही. गॅरंटी तोंडी देऊ नका, लिहून द्या की याच जागी एका पावसाळ्यात गळालं तर फुकट, दुसरीकडं गळालं तर नवीन काम. अन् नुसतं बघायला बोलावलं तर येण्याचे दोनशे सांगून टाका, काम दिलं तर त्यातून वजा करा.

एक गोष्ट तुमच्या बाजूनंबी पाळा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती अन् मातीची जड माळवदं (सपाट छतं) लोकांच्या अंगावर पडली, अन् त्यानंतर तुमच्या भागात कितीतरी घरांवर माळवद काढून पत्रे आले. त्या वेळचे पत्रे आता तीस वर्षांच्या वरचे झालेत. बोटानं दाबला अन् पत्रा आत गेला तर तिथं डांबर लावून आठशे घेऊ नका, पत्रा संपलाय हे मालकाला स्पष्ट सांगा, त्या दिवसाचे येण्याचे दोनशे तेवढे घ्या. आणि सिमेंटचा पत्रा असंल तर त्यावर पाय देऊच नका, खालच्या पाइपांवर टेकतील अशा फळ्या टाकूनच चढा, तो पत्रा कसलाच इशारा न देता फुटतो अन् माणूस सरळ खाली येतो. फळ्या भाड्यानं आणाव्या लागल्या तर ते भाडं एस्टिमेटमध्ये वेगळं लिहा, तुमच्या मजुरीतून कापू देऊ नका.