भंडारदऱ्याच्या काठावर तंबू: होडी घ्यावी, की जमीन करारावर द्यावी?

ताई, तुमचं पत्र आणि वहीच्या पानांचे फोटो मिळाले. वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. भंडारदरा जलाशयाच्या काठी हे महादेव कोळी आदिवासी कुटुंब दोन वर्षं भाड्याचे तंबू लावून पाहुणे ठेवतंय. बँकेत 6 लाखांची ठेव आहे. मुलगी बारावीला आहे, तिला पुढे नर्सिंगला घालायचंय. यजमानांच्या मनात 7 लाखांचं कर्ज काढून सोळा जणांची इंजिनची होडी घ्यायचं आहे. दुसरीकडे, पाहुणे पाठवणारा पुण्याचा टूरवाला म्हणतो, जमीन 20 वर्षांच्या करारावर द्या, 15 लाख रोख देतो.

माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही करू नका. तुमचा धंदा चांगला आहे, म्हणूनच सांगते.

आधी वही. गेल्या वर्षी 412 पाहुणे आले. त्यातले 290 टूरवाल्याकडून, माणशी 1,000 रुपयांनी. 122 थेट तुमच्याकडे, 1,500 रुपयांनी. एकूण जमा 4,73,000. खर्च 2,31,000, त्यात तंबूंचं भाडंच 58,000. हातात उरले 2,42,000. सासूबाईंनी एका रात्री साठ भाकऱ्या थापल्या असं तुम्ही समासात लिहिलंय, पण त्यांची मजुरी खर्चात कुठेच धरलेली नाही. ती धरा. घरच्या माणसाचे कष्ट फुकट धरले की प्रत्येक धंदा नफ्यात दिसतो.

आता हे बघा. टूरवाला पाहुण्याकडून 1,700 घेतो आणि तुम्हाला 1,000 देतो. 290 माणसांचे 700 रुपयांप्रमाणे 2,03,000 रुपये त्याच्याकडे राहिले. चूल तुमची, जमीन तुमची, रात्रभर जागणारे तुमचे यजमान, आणि त्याच्याकडे जवळपास तुमच्याइतकीच शिल्लक. पैसा गळतोय तो इथे, होडी नसल्यामुळे नाही.

होडीचं गणित मांडू. 7 लाख, 11 टक्के व्याज, पाच वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण 15,200 रुपये, म्हणजे वर्षाला 1,82,000 च्या वर. डिझेल आणि खलाशी जाऊन माणशी 100 रुपये सुटले, तरी नुसत्या हप्त्यापुरती वर्षाला अठराशेहून जास्त माणसं होडीत बसावी लागतात. तुमचे पाहुणे 412. तुमची कमाई पावसाआधीच्या काजव्यांच्या दिवसांत आणि सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारी होते, हप्ता मात्र बाराही महिने येतो. भर पावसात होडी काठाला बांधलेली असली तरी येतो. शिवाय होडीची तपासणी, परवाना, विमा आणि प्रत्येकाला जॅकेट यांत काटकसर चालत नाही. 2024 च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात प्रवासी बोट उलटून सहा जीव गेले. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराला पाण्यातून जायचं असेल, तर ज्यांच्याकडे परवान्याची होडी आधीच आहे त्यांच्याशी दर ठरवा. पाहुणा तुमचा, फेरी त्यांची.

जमिनीच्या करारावर मला जास्त बोलायचंय. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे भाडेपट्ट्याने द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि पाच वर्षांपलीकडच्या व्यवहाराला शासनाची संमतीही लागते. 20 वर्षांचा करार नोटरीसमोर स्टॅम्पवर सही करून होत नाही. 'भागीदारी' म्हणा नाहीतर 'व्यवस्थापन करार', नाव बदलल्याने कायदा बदलत नाही. आणि 15 लाख भागिले 240 महिने म्हणजे महिन्याला 6,250 रुपये. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पुरं झालं, तेव्हा काठच्या लोकांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. उरलेली या भावात हातची घालवू नका. सही करू नका, ताई.

मग करायचं काय? स्वतःचे सहा तंबू आणि दोन नीट संडास-न्हाणीघरं. तंबू-गाद्यांना 2 लाख आणि संडासाला दीड लाख, हे तुमचेच आकडे. राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाची आदिवासी महिला सशक्तीकरण योजना आहे. 2 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला 90 टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज 4 टक्के. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करा, अर्ज तुमच्या नावाने करा. म्हणजे तंबूंना 1,80,000 कर्ज आणि 20,000 घरचे. संडासाचे दीड लाख ठेवीतून. ठेवीत उरतील 4,30,000. त्यातले 3 लाख मुलीच्या नावाने वेगळे काढा आणि त्यांना कुणीही हात लावायचा नाही, होडीसाठी तर नाहीच. राहिले 1,30,000. घरखर्च तुम्ही महिना 14,000 लिहिलाय, म्हणजे नऊ महिन्यांची सोय. एखादा हंगाम बुडाला तरी चूल पेटती राहील.

पण एक गोष्ट आधी. तंबू नेमके कोणत्या गट नंबरच्या जमिनीवर उभे राहतात? उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला मोकळी, सपाट जमीन उघडी पडते आणि तिथेच तंबू लावावेसे वाटतात. ती जमीन जलसंपदा खात्याची, तुमच्या सातबाऱ्यावरची नाही. पक्कं काही बांधायचं ते सातबाऱ्यावरच्या जमिनीतच, आणि परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्यामुळे वन विभागाला आधी विचारून.

टूरवाल्याशी भांडू नका, त्याचे पाहुणे येऊ द्या. पण आलेल्या प्रत्येकाला निघताना तुमचा स्वतःचा नंबर द्या, आणि नकाशावर तुमच्या नावाने जागा नोंदवा. शंभर माणसं जरी थेट आली, तरी वर्षाला 50,000 वाढतात, कर्ज न काढता. ताटात काळभात, हा इथला गावठी तांदूळ, वाढता, तो किलो-अर्धा किलो बांधून विकायलाही ठेवा. तुमच्याच अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून शहरातला माणूस असे देशी वाण नाव घेऊन मागतो.

बोहाडा, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायचा गावचा उत्सव, तंबूपुढे करून दाखवायचा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. हा पैशाचा प्रश्न नाही, तरी उत्तर देते. तो गावाचा आहे, गाव ठरवेल. पाहुण्यांना त्या रात्री गावात घेऊन जा, पण ऑर्डरवर सोंग नाचवू नका.

येत्या काजव्यांआधी तंबू हवे असतील, तर कर्जाचे कागद दिवाळीनंतर लगेच लावा. जातीचा दाखला, सातबारा आणि तंबूवाल्याचं लेखी कोटेशन सोबत ठेवा. कोटेशन आलं की मला पाठवा, दर बघून सांगते.