कोयनेला परवा मोठा भूकंप होणार, हा मेसेज खरा मानायचा का?

तुमच्या ग्रुपवर ‘परवा पहाटे कोयनेला ८ रिश्टरचा भूकंप’ असा मेसेज आलाय, आणि पाटणला एकट्याच असलेल्या आईंना पुण्याला आणावं का, असं तुम्ही विचारलंय. मेसेज खोटा आहे. मी पाटण तालुक्यातलाच, असे मेसेज दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. दिवस, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंपाचं भाकीत करणं आज जगात कुणालाही जमत नाही. जपानमध्ये इशारा देतात, तो जमीन हलायला लागल्यावर. पहिल्या, वेगवान लहरी यंत्राने टिपल्या की मागून येणाऱ्या जोरदार लहरींच्या आधी काही सेकंद मिळतात, एवढंच.

‘पण आधी छोटे धक्के बसतात ना?’ हे आमच्याकडे प्रत्येक जण विचारतो. शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठायला लागलं १९६२च्या सुमारास, आणि धक्के सुरू झाले. खालचे खडक आधीच ताणलेले होते. पाण्याचा भार आणि भेगांत झिरपलेलं पाणी त्यांना सरकायला निमित्त झालं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३चा धक्का बसला, कोयनानगर पडलं, १८०च्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून इथे हजारो हादरे झाले, पाचच्या वरचेही वीसहून जास्त, पण ६७सारखा पुन्हा आलेला नाही. म्हणजे कुठला हादरा मोठ्याची चाहूल होता, हे मोठा येऊन गेल्यावरच कळतं.

चीनमध्ये १९७५ साली हायचेंगला असे धक्के वाढले म्हणून लोकांना घराबाहेर काढलं, पुष्कळ जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला काहीही न सांगता भूकंप झाला आणि दोन लाख चाळीस हजारांवर माणसं मेली.

किल्लारीचं मला जास्त लागतं. तिथे १९९२मध्ये जमीन हादरत होती, मग शांत झाली. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या गावांवर ६.२चा भूकंप आला आणि दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. ताकद कोयनेएवढीच. घात केला तो घरांनी: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. हादऱ्याने भिंती फाकल्या आणि माळवद खाली बसलं.

म्हणून आईंना हलवण्याची घाई करू नका, पुढच्या सुट्टीत त्यांचं घर मात्र नीट बघा. जुनी दगड-मातीची भिंत असेल तर इंजिनिअरला बोलवा. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधून घेणारा पट्टा आणि कोपऱ्यांची मजबुती राहत्या घरातही करता येते. आणि त्यांच्या पलंगाच्या डोक्यावर फळी, ट्रंक, पितळी भांडी असतील, तर ती आजच फोन करून शेजाऱ्यांकडून खाली काढून घ्या.